बोट शाकारायच्या आधी हात लावून बघायच्या जागा

मे महिना संपत आला की आमच्या सिंधुदुर्गातल्या देवबागला किनाऱ्यावर सगळीकडे एकच गडबड असते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, पर्यटनाच्या बोटी तर त्याच्याही आधी मे अखेरीला थांबतात त्या थेट सप्टेंबरपर्यंत, त्यामुळे भरती बघून एकेक बोट वर ओढायची, खाली ओंडके घालायचे, वर झावळ्या आणि ताडपत्री टाकून शाकारायची आणि मग घरात बसून पाऊस बघायचा. गेली सहा वर्षं बाबांची बोट मी सांभाळते. २४ फुटी फायबरची आहे, मागे ४० एचपीचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगायचं इंजिन, जुनं कार्ब्युरेटरवालं. थोडी गळाची मासेमारी आणि सीझनला पाहुण्यांना कर्लीच्या खाडीत फिरवणं, एवढंच तिचं काम. तर या सहा वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळलीये की इंजिन सगळेच बघतात, रंग सगळेच काढतात, पण बोट दगा देते ती दुसऱ्याच कुठल्यातरी बारक्या जागी, जिथे वर्षभर कोणाचा हातच लागलेला नसतो. ते सगळं एकदा लिहून काढावं असं खूप दिवस मनात होतं, कारण आता गावात नव्या बोटी घेतलेली बरीच पोरं आहेत आणि ती मला विचारत असतात.

आधी माझ्यावर आलेला प्रसंग सांगते, म्हणजे मी एवढं कळकळीने का लिहितेय ते कळेल. दुसऱ्याच वर्षीची गोष्ट. बंदीच्या काळात मी इंजिन एका सर्व्हिसवाल्याकडे नेऊन दिलं होतं, बिलावर वॉटर पंप चेक केला असं लिहिलेलं, मी विश्वास ठेवला. ऑक्टोबरमध्ये सहा जणांना भोगवेच्या बाजूला नेऊन परत येत होते, संध्याकाळची वेळ, ओहोटी लागलेली, आणि बरोबर संगमावर, म्हणजे कर्लीचं पाणी समुद्राला मिळतं तिथेच, इंजिनाचा बझर वाजायला लागला आणि आरपीएम आपोआप खाली आले. मागे वळून बघितलं तर इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार बंद. इंजिन बंद करावंच लागलं. ओहोटीचं पाणी बोटीला बाहेर लाटांकडे ओढत होतं आणि बोटीत दोन लहान मुलं होती. नांगर टाकला, तो धरला, आणि वीसेक मिनिटांनी शेजारच्या वाडीतल्या बोटीने आम्हाला टो करून आत आणलं. त्या वीस मिनिटांत काय वाटलं ते मी इथे लिहू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी मेस्त्री आले. बाबांच्या वेळेपासून तेच आमचं इंजिन बघायचे, मीच मधे शहाणपणा करून बाहेर दिलं होतं. त्यांनी इंजिनाचा पाय, म्हणजे पाण्यात बुडतो तो खालचा भाग, उतरवला आणि पंप उघडून इम्पेलर माझ्या हातावर ठेवला. इम्पेलर म्हणजे रबराचं छोटं चाक, त्याला सहा पाती असतात. त्यातली दोन मुळापासून तुटलेली आणि उरलेली चार एकाच बाजूला वाकून तशीच कडक झालेली, बोटाने सरळ केली तरी परत वाकायची. मेस्त्री म्हणाले, "बघ गो बाय, ह्या रबर नवीन असता तेव्हा सरळ रव्हता. जुना झाला, दोन-तीन महिने एकाच जागी दाबून रव्हला, काय मग तसाच मरता." तुटलेली पाती शोधायला त्यांना अजून तासभर लागला, एक तुकडा पाण्याच्या नळीत आणि दुसरा पार थर्मोस्टॅटपाशी जाऊन अडकलेला. हे महत्त्वाचं आहे, नवीन इम्पेलर घालून मोकळं होऊ नका, तुटलेला प्रत्येक तुकडा सापडला पाहिजे, नाहीतर नव्या इम्पेलरवर पण इंजिन तापतं आणि तुम्हाला कळतच नाही का तापतंय ते.

तेव्हापासून माझा नियम असा की इम्पेलर दर वर्षी बदलायचा, चांगला दिसला तरी. पुस्तकात जास्त मुदत दिलेली असते पण ती स्वच्छ पाण्यासाठी, आपल्याकडे खाडीच्या तोंडाला सगळी वाळू, ती पंपाच्या आतून जाते आणि रबर घासतं. बसवताना पात्यांना थोडं साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावायचं, शाफ्ट इंजिन फिरतं त्याच दिशेने फिरवत खाली दाबायचं, आणि ती छोटी चावी, जिच्यामुळे इम्पेलर शाफ्टबरोबर फिरतो, ती जागेवर आहे ना ते बघायचं. आणि जमिनीवर बोट असताना "चालू होतंय का बघूया" म्हणून कोरडं इंजिन कधीही मारू नका. अर्धा मिनिट सुद्धा नाही. पाण्याशिवाय रबर लगेच जळतं. २०० लिटरचा ड्रम भरून त्यात पाय बुडवा आणि मगच स्टार्ट करा.

धारेचीच अजून एक गोष्ट. गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये नवा इम्पेलर, सगळं नीट, तरी ड्रममध्ये इंजिन चालू केल्यावर धार येईना. माझ्या तर पोटात गोळा आला. मेस्त्रींना फोन केला तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "भोकात कुंभारीण बघलंस?" मी तंगुसाचा, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचा, जाड तुकडा घेतला आणि धार येते त्या भोकात घातला, तर आतून सुकलेला मातीचा खडा बाहेर आला. कुंभारीण माशीने पावसात घर केलं होतं! तेव्हापासून शाकारताना मी त्या भोकावर आणि पेट्रोलच्या टाकीच्या हवेच्या भोकावर चिकटपट्टी लावते आणि इंजिनाच्या हँडलला लाल चिंधी बांधते, म्हणजे काढायचं लक्षात राहतं. चिंधी विसरू नका, टाकीची हवा बंद राहिली तर इंजिन चालू होतं आणि थोडं आत गेल्यावर बंद पडतं.

आता पेट्रोल. हा विषय पूर्वी एवढा मोठा नव्हता पण आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोकणातला जून-जुलै म्हणजे हवेत पाणीच पाणी, घरातलं मीठ सुद्धा ओलं होतं, तिथे अर्धी भरलेली टाकी दोन-तीन महिने ठेवली तर काय होणार? एका मर्यादेपलीकडे पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाला बसतं, आणि इंजिनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. माझ्या इंजिनाच्या पुस्तकात तर १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं छापलंय, म्हणजे आपण आधीच मर्यादेच्या बाहेर आहोत, निदान जुनं तरी वापरू नये. मी काय करते तर शेवटच्या ट्रिपनंतर टाकी पूर्ण रिकामी करते, ते पेट्रोल ताजं असतं तेव्हाच स्कूटरमध्ये घालते, आणि इंजिन गोड्या पाण्यावर चालू असताना पेट्रोलची नळी काढून कार्ब्युरेटरमधलं होतं नव्हतं तेवढं जळू देते. सीझनमध्ये शंका आली तर टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं उन्हाच्या दिशेला धरून बघा, पाणी असेल तर खाली वेगळी रेघ दिसते. एकदा ती रेघ बघितली की परत कोणी जुनं पेट्रोल घालणार नाही. आणि टाकी ते इंजिन या लाइनीत पाणी अडवणारा फिल्टर बसवा, खालची वाटी पारदर्शक मिळते तो घ्या. सकाळी निघताना नुसती नजर टाकली तरी कळतं. नळीतला तो दाबायचा रबरी फुगा पण दाबून बघा, कडक झाला असेल किंवा पिळल्यावर बारीक चिरा दिसत असतील तर नळीसकट बदला, इथेनॉलने जुनं रबर लवकर खराब होतं.

गिअर ऑइल बद्दल सगळ्यांना माहीत असतं तरी बरेच जण शाकारायच्या आधी न बदलता सप्टेंबरमध्ये बदलतात, ते उलटं आहे. आत पाणी शिरलं असेल तर दोन-तीन महिने गिअर त्या पाण्यात गंजत बसतात. मेमध्येच खालचा स्क्रू काढा, तेल दुधाच्या चहासारखं आलं तर सील गेलंय. आणि सील का जातं तर बहुतेक वेळा तंगुसामुळे. बोट ढकलणाऱ्या पंख्यामागे शाफ्टला तंगूस गुंडाळलं जातं, बाहेरून काहीच दिसत नाही, ते फिरून फिरून सीलमध्ये शिरतं आणि रबर कापतं. म्हणून वर्षातून दोनदा तरी पंखा पूर्ण काढून मागे बघायला हवं. मी पहिल्यांदा काढला तेव्हा जवळजवळ मूठभर गुंता निघाला होता, हिरवं, पांढरं, निळं, आणि त्यातलं एकही तंगूस आमच्या गळाचं नव्हतं, सगळं पाण्यात तरंगणारं. नवीन तेल भरताना खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, आणि दोन्ही स्क्रूचे वॉशर नवीन घालायचे, ते दहा-वीस रुपयांचे वॉशर वाचवायला जाऊ नका.

झिंकचा तुकडा म्हणजे ॲनोड. तो स्वतः झिजतो म्हणून इंजिनाची ॲल्युमिनियमची बॉडी वाचते. अर्धा झिजला की बदलायचा हे ठीक, पण आमच्याकडे दोन चुका सर्रास होतात. एक म्हणजे बोट रंगवणारा ॲनोडवर पण ब्रश मारून जातो, रंग लागला की तो काम करत नाही. आणि दुसरी जास्त बारीक आहे, झिंक समुद्राच्या खाऱ्या पाण्यासाठी ठीक, पण ज्यांची बोट कायम खाडीत असते त्यांचं पाणी पावसानंतर ऑक्टोबरपर्यंत अर्धं गोडंच असतं, त्या पाण्यात झिंकवर पांढरट कवच चढतं आणि ते झिजायचं थांबतं. तुम्ही खूश की ॲनोड टिकला, पण तो टिकला म्हणजेच तो काम करत नाहीये आणि इंजिन झिजतंय. मचूळ पाण्याला ॲल्युमिनियमचे ॲनोड चांगले. मी तीन वर्षांपूर्वी बदलले, तेव्हापासून पायावरचे पांढरे चट्टे वाढायचे थांबले.

आता मला सगळ्यात जास्त ज्याबद्दल बोलायचंय ते म्हणजे पावसाचं पाणी. लोकांना वाटतं खारं पाणी वाईट आणि पाऊस म्हणजे बोट धुऊन निघाली. लाकडाला उलटं आहे, खाऱ्या पाण्यात लाकूड टिकतं, गोड्या पाण्यात कुजतं. आणि फायबरची बोट म्हणजे नुसतं फायबर नाही हो. मागची फळी, ट्रान्सम, जिच्यावर इंजिन टांगतो, तिच्या आत बहुतेक बोटींमध्ये प्लायवुड असतं. बोल्टच्या भोकातून, मधे कधी फिश फाइंडर बसवायला पाडलेल्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत जातं आणि आतल्या आत लाकडाचा भुसा होतो, बाहेरून फायबर चकचकीतच राहतं. ओळखायचं कसं, तर प्लास्टिकच्या हातोडीने किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने इंच इंच ठोकत जायचं. चांगल्या जागी टणटण कोरडा आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द येतो, मडकं फुटकं आहे का बघतो ना तसंच. मग इंजिनाचा पाय वर करून त्याला जोराने हलवायचं आणि बाजूला दुसऱ्याने ट्रान्समकडे बघायचं, फळी थोडी जरी लवली तरी तशी बोट पाण्यात घालू नका. नुसते बोल्ट दरवर्षी एकेक काढून, भोक सुकवून परत मरीन सीलंट भरून बसवले तरी हे सगळं टळतं. दोन तासाचं काम आहे, आणि ट्रान्सम नवीन करायचा म्हणजे काय खर्च येतो ते ज्यांनी केलाय त्यांना विचारा.

आमच्या जिल्ह्यात पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर पडतो. ताडपत्री कितीही चांगली असली तरी जुलैच्या वाऱ्यात कुठेतरी फाटतेच आणि पाणी आत येतंच, तेव्हा ते बाहेर जाण्याची सोय हवी. बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, उंच ठेवायची आणि मागचा ड्रेन प्लग, म्हणजे पाणी सोडायच्या भोकाचं बूच, काढून ठेवायचा हे सगळे करतात. पण आमच्या बोटी सगळ्या सुरूच्या बनात, आणि त्या सुरूच्या सुया! बारीक, पाण्याबरोबर वाहत मागे येतात आणि ड्रेनच्या भोकात एकावर एक बसून असा बोळा तयार होतो की थेंब बाहेर जात नाही. बाबा गेले त्या वर्षी कोणाचंच बोटीकडे लक्ष नव्हतं, जुलैच्या शेवटी गेलो तर आत गुडघाभर पाणी, बॅटरी त्याच्यात बुडालेली, मागच्या वजनाने ओंडका वाळूत रुतून बोट एका बाजूला कललेली. आता मी भोकाला आतून जाळीचा तुकडा लावते आणि दर रविवारी, पाऊस कितीही असो, छत्री घेऊन जाते आणि हाताने सुया काढते. तेवढ्यात ताडपत्रीच्या दोऱ्या पण बघून होतात. आणि काढलेला प्लग घरी नेऊ नका, इग्निशनच्या चावीलाच बांधा. प्लग न लावता बोट पाण्यात ढकलल्याचे प्रकार दर सप्टेंबरला कुठे ना कुठे होतातच.

बॅटरी घरी आणायची, दोन्ही वायरी काढून, आणि महिन्यातून एकदा चार्ज करायची. १२.४ व्होल्टच्या खाली गेली की लगेच. बोटीत ठेवली तर उंदीर वायरी पण खातात, आमच्या एकदा नेव्हिगेशन लाइटच्या खाल्ल्या होत्या. बोटीच्या तळातलं पाणी बाहेर टाकणाऱ्या बिल्ज पंपाचा ऑटोमॅटिक स्विच, तो तरंगणारा, हाताने उचलून बघा, पंप चालू झाला पाहिजे. नुसतं बटण दाबून पंप चालतो हे बघणं पुरेसं नाही, कारण तुम्ही बोटीवर नसताना तो फ्लोटच तुमची बोट वाचवणार असतो. आणि घरगुती वायर बोटीत टाकू नका, टोकाला हिरवी होऊन आतून काळी पडते, कलई केलेली मरीन वायर घ्या, महाग आहे पण एकदाच.

नांगराबद्दल. त्या दिवशी संगमावर नांगर धरला म्हणून आम्ही वाचलो आणि तो का धरला ते मी नंतर बघितलं. साखळी जोडणाऱ्या कडीच्या, म्हणजे शॅकलच्या, पिनेला बाबांनी स्टीलची तार ओवून पीळ घातलेला होता, पिना हलून हलून आपोआप सुटतात म्हणून. आणि दोराचं आतलं टोक, जे कोणीच कधी बघत नाही कारण ते कायम गुंडाळीच्या तळाला असतं, ते बोटीच्या कड्याला नीट बांधलेलं होतं. कितीतरी बोटींमध्ये ते टोक मोकळं असतं, घाईत नांगर टाकला की सगळा दोर त्याच्यामागे पाण्यात. दरवर्षी पूर्ण दोर वाळूवर पसरा, हातातून सरकवत न्या, जिथे खरखरीत लागेल किंवा बारीक झाला असेल तिथे कापा. मी दोराची टोकं पण दरवर्षी उलटी करते, म्हणजे एकच बाजू घासत राहत नाही. तार मात्र बाबांचीच आहे अजून, गंजलेली नाही, म्हणून बदलली नाही.

लाइफ जॅकेट. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाकडे चाललेल्या नीलकमल बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली, त्यानंतर सगळीकडे लाइफ जॅकेट घालायचा आग्रह धरला गेला आणि चांगलंच झालं. पण घातलेलं जॅकेट चालणारं आहे का हे कोण बघतं? उन्हाने शिलाई मरते. दोन्ही खांदे धरून जोरात ओढा, शिलाई कटकट आवाज करत असेल तर ते जॅकेट गेलं. फोम मुठीत दाबा, परत फुगला नाही तर गेलं. बकल मिठाने अडकतात, गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. आणि सुकवायची ती सावलीत. लहान मुलांची वेगळी घ्या, मोठ्यांचं जॅकेट मुलांना घातलं तर पाण्यात पडल्यावर मूल खालून निसटतं. यात मी कोणाशी वाद घालत नाही, मुलांचं जॅकेट नसेल तर मी मुलांना बोटीत घेत नाही, पाहुणे रागावले तरी.

आगीच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात असला तरी आतली पावडर बोटीच्या हादऱ्याने तळाला घट्ट बसते, महिन्यातून एकदा उलटा करून हलवा. मदतीची खूण म्हणून पेटवायच्या फ्लेअरवरची तारीख वाचा. कोस्ट गार्डचा १५५४ नंबर मी स्टीअरिंगच्या बाजूला रंगाने मोठ्या अक्षरात लिहिलाय, कारण मला काही झालं तर बोटीतल्या पाहुण्याला तो दिसला पाहिजे. लायसन्स, सर्व्हे, इन्शुरन्सच्या तारखा एकाच वहीत ठेवा.

त्याच वहीत मी बाकीचं पण लिहिते, कुठल्या तारखेला काय बदललं, किती तास इंजिन चाललं. मेस्त्री वहीला हसायचे आधी, आता आल्या आल्या तीच मागतात. पण वहीत लिहायच्या आधी ते जे मला सांगतात ते मी दर वेळी करते, "डोळ्यांनी बघून काय एक कळणा नाय, हात लाव." शेवटची ट्रिप झाली की मी अर्धा दिवस नुसती बोटीला हात लावत फिरते, प्रत्येक क्लिप, प्रत्येक नळी, सीटच्या खाली, टाकीच्या मागे, जिथे मान जात नाही तिथे बोटं जातात. पेट्रोलच्या नळीची एक क्लिप या वेळी अशीच सापडली, वरून चकचकीत, मागच्या बाजूने पार गंजून कागदासारखी झालेली, बोट लावल्याबरोबर तुटून हातात आली.

रविवारी सकाळच्या भरतीला बोट वर घ्यायचीये, वाडीतली पोरं येतो म्हणालीत. त्याच्या आधी कुडाळहून सीलंट आणि क्लिपा आणायच्यात, ट्रान्समचे खालचे दोन बोल्ट या वर्षी काढायचे राहिलेत.